रिकाम्या डबीचा फोटो

४ फेब्रुवारी

आत्या,

माझा फोन हरवलेला नाही, बिघडलेला नाही आणि मी धडधाकट आहे. तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाही. चिडलीस? चिड. मीही चिडलेय.

तू फोन केलास की पहिलं वाक्य असतं, "गोळ्या घेतल्यास का?" दुसरं, "पाणी पितेस ना नीट?" तिसरं, "बाहेरचं काही खाल्लं नाहीस ना?" मग तुझा कुणीतरी शिकाऊ ड्रायव्हर भलत्याच गिअरमध्ये गाडी घालतो, तू त्याच्यावर ओरडतेस आणि फोन ठेवतेस. मी नव्या शहरात आले, खोली घेतली, काम धरलं. यातलं एक अक्षर तू विचारलं नाहीस. म्हणून आता पत्रं. पत्राला चार दिवस लागतात, तेव्हा "सकाळची घेतलीस का" हे त्यात विचारणं तुलाच वेडगळ वाटेल.

तर न विचारता सांगते. खोली सायकलच्या दुकानाच्या वर आहे, दिवसभर खालून पंपाचे उसासे ऐकू येतात. सोबतची मुलगी शिवणकाम शिकते आणि तिच्या टाचण्या माझ्या पायात घुसतात. कामाची जागा एका तळघरात आहे, दातांची लॅब. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात, त्यावरून आम्ही खोटे दात करतो. मी सध्या सगळ्यात खालच्या पायरीवर. ठशात प्लास्टर ओतायचं, सुकलं की साचा सोडवायचा, कडा घासायच्या. संध्याकाळी मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. पण पलीकडे सिरॅमिकचं टेबल आहे. तिथे ओली पावडर बारीक ब्रशने चढवून दात घडवतात, भट्टीत भाजतात, पुन्हा चढवतात. आत्या, मला त्या टेबलावर बसायचंय. आजवर मला बरं होणं सोडून दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नाही.

आता चिडण्याचं कारण. तो केक. दरवर्षी ऑपरेशनच्या तारखेला तुम्ही 'किडनीचा वाढदिवस' करता. केक तू कापतेस, पहिला घास मी तुला भरवते, आणि मग उभी राहून सगळ्यांसमोर तुझे आभार मानते. तेरा वर्षांची होते तेव्हा ठीक होतं. आता वीस वर्षांची आहे. आणि यंदा काका भर घोळक्यात म्हणाला, "जपून वाग गं, दुसऱ्याची वस्तू आहे पोटात." सगळे हसले. तूही हसलीस.

वस्तू! आईचा रक्तगट जुळला नाही, बाबांना मधुमेह, म्हणून तू तुझी किडनी दिलीस, हे मी विसरलेले नाही. विसरू देतंय कोण?

गोळ्यांचं म्हणशील तर बाबांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे सकाळ-संध्याकाळ डबीतल्या रिकाम्या कप्प्याचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो. तुम्हा सगळ्यांचे अंगठे येतात. डबी रिकामी, घर खूश.

तुझी,
बुटकी

११ फेब्रुवारी

बुटके,

शाळा सुटल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर तुझं नशीब.

आधी भांडण उरकू. गोळ्यांचं नाही तर मी दुसरं काय विचारू? तुझ्या त्या दातांच्या कारखान्यातलं मला काय कळतं? मला दोनच गोष्टी कळतात, गाडी आणि तू. गाडीत निदान माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने गडबड केली की मी दाबते. तुझ्या बाबतीत माझ्यापाशी फोनशिवाय काय आहे? तोही तू उचलत नाहीस. कमाल आहे.

काकाचं म्हणशील तर त्याच्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी हसले ते काय बोलावं सुचलं नाही म्हणून. केक तुला एवढा टोचत असेल तर पुढच्या वर्षी नको. पण दादाला ते तूच सांग, माझी हिंमत नाही. केकचा आकार तो महिनाभर आधी ठरवतो.

इथली खबर अशी की माझ्याकडे सध्या एक बँकेतले साहेब शिकायला येतात. वळण आलं की डोळे मिटतात. काल मी म्हटलं, साहेब, कर्ज देतानाही असेच मिटता का? दोन दिवस आले नाहीत.

आणि हो, तुझ्या त्या टाचणीवालीने तुझा फोटो टाकलाय, तो पाहिला. काय गं, गाल कुठे गेले तुझे? ऑपरेशननंतर चेहरा कसा भोपळ्यासारखा झाला होता, आरशात बघायची नाहीस. आता हनुवटी दिसते, गळ्याचं हाड दिसतं. वहिनीने तर डोळे पुसले. म्हणाली, आमची जुनी पोर परत आली. दादाने फोटो मोठा करून घेतलाय, भिंतीवर लावणार आहे. बाहेरची हवा तुला मानवली म्हणायची. अशीच राहा.

त्या टेबलावर बसशील तेव्हा मला एक दात करून पाठव. माझे शाबूत आहेत, पण ठेवीन शोभेला.

तुझी,
आत्या

२० मार्च

आत्या,

बसले! सिरॅमिकच्या टेबलावर बसले! मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, "उद्यापासून प्लास्टर दुसरं कुणी बघेल." मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दोन उड्या मारल्या.

सोबत तुझा दात. वरची दाढ आहे. ज्याच्यासाठी केली तो गाव सोडून गेला, म्हणून बाईंनी मला ठेवू दिली. उजेडात धर. वरच्या बाजूला ज्या खाचा दिसतात, त्यांत अगदी पुसट तपकिरी रंग भरलाय. खरी दाढ कधी पांढरीशुभ्र नसते. तो रंग चार केसांच्या ब्रशने भरतात. एकदा ब्रश हलला की संपलं, पुन्हा धुवा आणि पुन्हा करा. मी एका दमात भरला.

तुझी फोटोवरची शाबासकी पोचली. आईने भिंत दाखवायला व्हिडिओ कॉल केला होता. त्याच भिंतीवर माझा गोल गालांचा जुना फोटोही होता, तो काढून टाकलेला दिसला. त्यातही मीच होते, पण जाऊ दे.

हॉस्पिटलचं सांगते, नाहीतर म्हणशील लपवते. लहान मुलांच्या हॉस्पिटलात मोठ्या सिस्टर होत्या, आठवतात? मी दारातून आत पाऊल टाकलं की चालण्यावरून ओळखायच्या, आज काहीतरी बिनसलंय. अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात त्यांनी मला फुगा दिला आणि म्हणाल्या, आता तू मोठी. मी मोठी झाले म्हणजे काय झालं, तर इथल्या मोठ्यांच्या हॉस्पिटलात नंबर लावून बसायला लागले. सगळे माझ्या आजोबांच्या वयाचे. आत गेलं की डॉक्टर स्क्रीनकडे बघतात. पहिल्याच भेटीत मी सांगितलं होतं, "डॉक्टर, गोळ्यांनी हात कापतात." म्हणाले, "होतं तसं. सवय होईल." मान वर नाही केली. मी कशी आहे, गोरी की काळी, त्यांना आजही सांगता यायचं नाही.

परवा पुन्हा गेले होते. म्हणाले, "रक्तातला आकडा जरा वर सरकलाय. गोळ्या नियमित?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "गुड. पुढचा." त्यांना जे उत्तर हवं होतं ते मी दिलं.

दाढ कशी वाटली ते कळव.

बुटकी

२६ मार्च

बुटके,

दाढ मिळाली. बँकवाल्या साहेबांना दाखवली, दूधवाल्याला दाखवली, दोघांनाही खरी वाटली. रात्री जेवण झाल्यावर भिंग घेऊन बसले. काय तो रंग, काय त्या खाचा! एक रेघ इकडची तिकडे नाही. ऊर भरून आला. आणि मग भिंग खाली ठेवलं.

मी आयुष्यभर लोकांचे हात बघत आलेय. चेहरा खोटं बोलतो, स्टिअरिंगवरचे हात बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तुला मैदानात गाडी शिकवायला घेतली होती, तेव्हा गिअरवर तुझा हात कसा थरथरत होता ते मला आजही दिसतंय. चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरायचीस. सही करताना कागदावर मनगट दाबून धरायचीस. चार केसांचा ब्रश तो हात एका दमात चालवतो? कसा?

सवय झाली असं म्हणू नकोस. सवयीने माणूस थरथर लपवायला शिकतो, ती थांबत नाही. आणि गाल. अगं देवा, गोळ्यांनी सुजलेले ते गाल! बाहेरची हवा कसली मानवतेय! मी ग्रुपवरचे सगळे फोटो मागे जाऊन पाहिले. डबीच्या मागे दरवेळी बेसिन. गोळ्या कुणी बेसिनपाशी उभं राहून घेतं का, पाण्याचा पेला न घेता? तू त्या नळाखाली सोडतेस. आम्ही खुळे रोज अंगठे पाठवतो.

अक्कल कुठे गहाण ठेवलीस? तुला कळतंय का तू काय करतेयस? त्या गोळ्या थांबल्या की तुझं अंगच किडनी झिडकारतं. मी टेबलावर झोपले, माझी कूस फाडून घेतली, तीन महिने मला खोकताही येत नव्हतं. कशासाठी? तू ती किडनी बेसिनमध्ये ओतावीस म्हणून? दातांसाठी? लोकांच्या दाढा रंगवण्यासाठी? एवढीच जर किंमत असेल तर दे माझी किडनी परत. मी दुसऱ्या कुणाला तरी देते, जो ती नीट सांभाळेल.

आजपासून पुन्हा सुरू कर. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. मी दादाला अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या पत्रात मला धड उत्तर मिळालं नाही तर सांगेन.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

धड उत्तर हवंय ना? घे.

हो. सोडल्या. आधी एक सोडली, तीही मुद्दाम नाही. सकाळी घाईत राहून गेली. त्या दिवशी बाईंनी गंमत म्हणून माझ्या हातात ब्रश दिला होता, आणि दुपारपर्यंत हात थांबला. सात वर्षांत पहिल्यांदा माझा हात माझा होता. मी घाबरून रात्रभर वाट बघितली, आता काहीतरी होणार. काहीच झालं नाही. हे तुम्ही कुणी कधी सांगत नाही. गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आत्या. उलट बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी आणखी बरं वाटतं. मग कामाच्या दिवशी सकाळची सोडायला लागले, मग गाल बसायला लागले, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं कौतुक केलंत. आईने डोळे पुसले. बाबांनी फ्रेम आणली. माझा आजार तुम्ही भिंतीवर टांगलात! मग संध्याकाळचीही सोडली.

दातांसाठी, म्हणतेस. हो, दातांसाठी. तुला उद्या कुणी सांगितलं, बाई, जगायचं असेल तर पुन्हा गाडीला हात लावायचा नाही, तर तू काय करशील? मला लहानपणापासून सगळे विचारत आले, जगतेस ना? जगून काय करायचंय हे कुणी विचारलं नाही. जगणं हेच माझं काम, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मोठ्ठी कामगिरी. वरून दरवर्षी केक.

मी डॉक्टरांना सांगितलं होतं. तुलाही सांगितलं होतं, त्या मैदानातच. तू म्हणालीस, "हात कापले तर कापू देत, जीव तर वाचला." आईला सांगितलं, ती रडली. आई रडली की मला तिला समजवावं लागतं. माझ्या आजारात मीच सगळ्यांची समजूत काढते, हे तुला ठाऊक आहे? म्हणून मग सांगणं सोडून दिलं. तुम्हाला डबी रिकामी हवी होती, मी डबी रिकामी करत गेले. डबीची विचारपूस रोज दोनदा झाली. माझी झाली नाही.

आणि परत हवीय ना तुझी वस्तू? पत्ता तुझ्यापाशी आहे. ये आणि घेऊन जा.

१९ जून

बुटके,

हे पत्र मी सिस्टरच्या हाती देतेय, कारण तू माझ्याकडे तोंड करायला तयार नाहीस. गेले आठ दिवस मी आले की तू भिंतीकडे वळतेस. वळ. पण वाच.

तुझं एप्रिलमधलं पत्र आलं तेव्हा मी इतकी भडकले होते की उत्तर लिहिलं नाही. ठरवलं, येऊ दे हिचं डोकं ठिकाणावर. मग त्या टाचणीवालीचा फोन आला, की पाय सुजलेत आणि ती पायरी चढू शकत नाही. दादा-वहिनी आणि मी पहिल्या गाडीने आलो. तपासणीच्या सुया झाल्या, किडनी वाचवायला सलाइनमधून जहाल औषधं झाली, आणि परवा डॉक्टरांनी सांगितलं की किडनी गेली, आता डायलिसिसचं मशीन. तुला त्यांनी आधी सांगितलं की आम्हाला, हेही मला माहीत नाही.

आम्हाला सांगितलं तेव्हाचं ऐक. मला आणि दादाला समोर बसवून त्यांनी शिकवणी घेतली. "या वयातली मुलं बेफिकीर असतात. आमच्याकडे अशी बरीच येतात." मी म्हटलं, "बरीच येतात तर त्यांना तुम्ही विचारता का, की का सोडल्या?" म्हणाले, "विचारतो ना. गोळ्या घेता का, हे आम्ही दरवेळी विचारतो." मी म्हटलं, "हिचे हात कापायचे. त्यावर काहीच इलाज नव्हता?" तर अगदी सहज, पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "होता की. तीच गोळी सावकाश विरघळणारी मिळते, पुष्कळांचं कापरं त्याने कमी होतं. डोसही बघता आला असता. पण तिने बोलायला हवं होतं."

मी म्हटलं, "ती बोलली होती."

म्हणाले, "असेल. मला आठवत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्यांच्या टेबलावरचं काहीतरी उचलून मारणार होते, दादाने हात धरला. इलाज होता! औषधाच्या दुकानात, फळीवर, पडून होता! आणि पोरगी बेफिकीर! मी त्यांना एवढंच म्हटलं की माझ्या गाडीत शिकणाऱ्याने मला सांगितलं ब्रेक लागत नाही, आणि मी म्हटलं सवय होईल, तर माझं लायसन्स राहील का? दादा मला ओढत बाहेर घेऊन आला.

बाहेर तुझा काका. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "वाईट वाटतं गं, तुझी किडनी वाया गेली." त्यामागून काकूनेही तेच. सकाळपासून ज्याचा त्याचा मला फोन, माझं सांत्वन. मी काकाला सगळ्या लोकांसमोर झापलं. म्हटलं, माझं काय गेलं? माझी एक आहे, ती ठणठणीत चालते. मी उद्यापासून गाडीवर जाणार. जिचं गेलं ती आत पडलीय, तिच्याजवळ जाऊन एक शब्द बोललात का?

बुटके, मी जे 'परत दे' लिहिलं, ते लिहायला नको होतं. ज्या दिवशी ती तुझ्या पोटात गेली त्या दिवशी माझा तिच्यावरचा हक्क संपला. गेली ती तुझी किडनी. मला तू एकदाही 'माफ कर' म्हणायचं नाहीस, मी ऐकून घेणार नाही. रडायचं असेल तर तुझ्या स्वतःच्या वस्तूसाठी रड.

मी खाली बाकावर बसलेय. बोलवायचं असेल तर सिस्टरला सांग. नसेल बोलवायचं तर उद्या पुन्हा येते.

आत्या

१२ ऑगस्ट

आत्या,

तू इथे माझ्यापाशी राहून गेल्यावर खोली मोठी वाटायला लागली. टाचणीवाली विचारत होती, तुमच्या त्या भांडकुदळ आत्या पुन्हा कधी येणार.

आठवड्यातले तीन दिवस मशीन, उरलेले लॅब. बाईंनी टेबल माझंच ठेवलंय. किडनी गेली तशा त्या गोळ्याही डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या, त्यामुळे हात आता अजिबात कापत नाही. सुरेख चालतो. मशीनवरून उतरल्यावर अंगात उभं राहायचंही त्राण नसतं, पण हात सुरेख चालतो. हसू येतं की नाही बघ. मला येत नाही.

पुन्हा किडनी मिळण्याच्या यादीत नाव घालायचं की नाही, ते एक समिती ठरवते. पुढच्या महिन्यात मला बोलावलंय. बाबांनी फोनवर माझ्याकडून पाठ करून घेतलंय: माझी चूक झाली, मी लहान होते, पुन्हा होणार नाही. बिचारे रोज तालीम घेतात. आई म्हणते, केस बांधून जा, हात जोडून बोल. मला भीती वाटते, आत्या. मी तसं नाही बोलले तर ते नाव घालणार नाहीत. आणि तसं बोलले तर त्यांना जे आधीच वाटतंय तेच खरं ठरेल. तू माझ्या जागी असतीस तर काय बोलली असतीस? येऊ नकोस, फक्त सांग.

बुटकी

१७ ऑगस्ट

बुटके,

मी तुझ्या जागी नाही. असते तर भांडले असते आणि नाव कायमचं कटलं असतं. तेव्हा माझं ऐकून तुझं नुकसान व्हायला नको.

एवढंच सांगते, दादाची तालीम त्याच्या प्रेमापोटी आहे, पण पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. तुझी चूक झाली ती तू सांगच. खोटे फोटो पाठवलेस, हे मला आजही झोंबतं. पण बाकीच्यांच्या चुका स्वतःच्या माथी का घेतेस? माणूस एकाच वेळी चुकलेला असू शकतो आणि चिडलेलाही.

ग्रुप मी बंद करायला लावला. दादा दोन दिवस इकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "मग मी रोज सकाळी तिला काय विचारू?" मी म्हटलं, दात विचार. आता तो मला दाढ आणि सुळा यातला फरक समजावून सांगतो.

आत्या

३ नोव्हेंबर

आत्या,

समितीचं उत्तर आलं. नाव घातलेलं नाही, नाकारलेलंही नाही. "सध्या थांबवले आहे, सहा महिन्यांनी फेरविचार." आई रडली. यावेळी मी तिला समजावलं नाही, बाबांनी समजावलं.

मी त्यांना सांगितलं, गोळ्या मी सोडल्या, फोटो खोटे होते, तो माझा दोष. मग म्हटलं, आता का सोडल्या ते विचारा. एक बाई म्हणाल्या, "वेळ कमी आहे." मी म्हटलं, "तेच कारण आहे." एकाने लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे, 'उद्धट' असेल. लिहू दे. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. काल मशीननंतर मी बाहेरच्या हॉलमध्ये पाय ताळ्यावर येईपर्यंत बसले होते. माझ्या शेजारी एक मुलगी. लहान मुलांच्या हॉस्पिटलातून नुकतीच आलेली, गाल गोल, ओढणीने हनुवटीपर्यंत चेहरा झाकलेला. एकटीच. पाण्याची बाटली उघडत होती आणि झाकण हातातून निसटत होतं. मी झाकण उचलून दिलं. तिला गोळ्या घेतेस का असं मी विचारलं नाही. विचारलं, "त्यातली कुठली सगळ्यात जास्त नकोशी वाटते?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या खिशात हात घातला. मग बोलायला लागली आणि थांबेचना. ती बासरी वाजवायची. आता बोटं भोकांवर टिकत नाहीत. घरी सांगितलं तर म्हणतात, जीव महत्त्वाचा की बासरी. आणि मग अगदी हळू म्हणाली, "रविवारी मी एक घेतली नाही. काहीच झालं नाही."

मी उठले. तिचा नंबर पुकारला तेव्हा तिच्याबरोबर आत शिरले. तेच डॉक्टर. म्हणाले, "एकेकाने यायचं." मी म्हटलं, "नाही. आणि आज स्क्रीनकडे बघायचं नाही. हिच्या हातांकडे बघायचं." मी तिचे दोन्ही हात धरून त्यांच्या टेबलावर ठेवले. कागदांवर ते थरथरत राहिले. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आत्या, मला वाटतं त्यांना मी आठवले.

तिला दोन-तीन प्रश्न विचारले, वजन बघितलं, आणि सावकाश विरघळणारी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी ये, म्हणाले, फरक पडला नाही तर डोस बघू.

त्यांचा चहा टेबलावर होता. आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्यातून अजून वाफ येत होती. इतकंच होतं ते, आत्या. इतकंच.

बुटकी